विषय जपानी, शिक्षक नाही

माझे बाबा हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मशीनवर होते. मी आठवीत असताना एकदा त्यांनी चिठ्ठीवर दोन चित्रांसारखी अक्षरं काढून आणली. "मशीनच्या झाकनावर लिहून आहे. सायबाले विचारलं तं म्हने, तुले काय करायचं? तू पाह्य बरं."

आईच्या फोनवर मी तासभर धडपडले. अक्षरं जपानी निघाली, अर्थ निघाला: धोका. त्या झाकणाखाली बाबा रोज हात घालत होते.

मला साहेबाचा फार राग आला. त्या रागातच मी जपानी शिकायला घेतली. आईचा फोन तिच्याबरोबर कामावर जायचा, म्हणून एका पुस्तकाची झेरॉक्स काढून घेतली. दहावी होईपर्यंत सहा वह्या भरल्या.

अकरावीच्या फॉर्मवर भाषांच्या यादीत जपानी दिसली. मी खूण केली. क्लार्कनी फॉर्म परत सरकवला.

"हे काऊन केलं? हिंदी कर."

"यादीत आहे ना सर."

"यादीत छापून असते. घ्यायचं नसते."

मी प्राचार्यांच्या खोलीबाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी बाबा पाळी संपवून तसेच आले, केसांत कापसाची धूळ घेऊन. तेव्हा कुठे आम्हाला आत बोलावलं.

"आमच्याकडे शिक्षक नाही," प्राचार्य म्हणाले. "नापास झाली तर?"

"तर मी नापास होईन. दुसरं कोणी नाही."

त्यांनी 'सर्व जबाबदारी आमची' असं लिहून घेतलं. बाबांनी सही केली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता मांगं सरू नको."

दोन वर्षं भाषेच्या तासाला मी वाचनालयात एकटी बसले. तोंडी परीक्षा घ्यायलाही कॉलेजात कोणी नव्हतं. त्यासाठी मला नागपूरच्या एका कॉलेजात पाठवलं. तिथल्या मुलांनी खासगी क्लास लावलेले होते. स्वतःबद्दल सांगताना मी 'वाताशी हा', म्हणजे 'मी', अशी सुरुवात केली आणि मागे बसलेल्या मुलांत हसू फुटलं. पुस्तकात अक्षर 'हा'च होतं. पण 'वाताशी'नंतर त्याचा उच्चार 'वा' करायचा, हे सांगणारं मला कोणी भेटलंच नव्हतं. परीक्षक बाईंनी हळूच दुरुस्त केलं. माझे कान तापले.

"पहिल्यापासून सांगते," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगितलं. 'वा' जरा जोरातच म्हटलं.

बाईंनी गावाबद्दल विचारलं. मी कापसाबद्दल बोलले. सरकीला जपानीत काय म्हणतात ते येईना, म्हणून 'कापसाच्या आतलं बी' असं म्हणून वेळ निभावली. बाबा काय काम करतात, तेही सांगितलं. आता मागे कोणी हसत नव्हतं. शेवटी बाईंनी जपानीतच विचारलं, "तुझे शिक्षक कोण?"

"इमासेन," मी म्हणाले. नाहीत. मान खाली न घालता म्हणाले.

निकालात जपानीत चोपन्न गुण पडले. मी पेढे आणले. शेजारच्या काकूंनी पेढा घेतला, गुण विचारले आणि हळहळल्या, "हिंदी घेतली असती तं ऐंशी भेटले असते ना पोरी."

"भेटले असते काकू," मी म्हटलं. "पन मले ते ऐंशी नव्हते पाह्यजे."