सुपात न ओढलेला मुलगा

अकोल्याच्या बाजारात एक बुरडीण बसायची. पायाच्या अंगठ्यात बांबूची कामटी धरून ती सूप विणायची. तिच्या पाठीमागे तिरडीचे बांबू उभे असायचे. पटकीच्या साथीत तिला सूप विणायला सवडच मिळायची नाही, असं लोक सांगायचे.

माझी दोन मुलं देवीच्या आजारानं गेली होती. तिसरा झाला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून ओढायचं आणि सुपडू नाव ठेवायचं ठरलं. टाकाऊ पोराकडे मरण बघत नाही, असा समज. मी सूप घ्यायला गेलो, तर तिनं हातातलं सूप मांडीखाली सरकवलं.

"मास्तर, ओढाले सूप देत नाही मी. माह्या सुपातून ओढलेली बी लय लेकरं गेली. पहिले त्याले टोचून आना, मंग धान्य पाखडाले घेऊन जा सूप."

मला रागच आला, पण पोराला देवीची लस टोचून आणली.

तो जगला. त्याच्या पाठची दोघंही जगली. आमच्या गल्लीत पाळणे वाढले, घरं अपुरी पडू लागली. मी दिसलो की ती लांबूनच म्हणायची, "आता म्हाताऱ्याइसाठीच बांबू नेऊन राह्यले लोक," आणि तोंडभर हसायची.

परवा तिची जागा रिकामी दिसली; ती वारल्याचं कळलं. शेजारच्या भाजीवाल्याला विचारलं, "कशानं गेली? पटकी की ताप?"

"काई नाई झालं जी तिले. बुडी झाली होती, लय वय झालं होतं, म्हनून मेली. गुलाल उधळत नेली आमी."

मरणाचं हे कारण त्या बाजारात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि ते सांगताना भाजीवाल्याची मान ताठ होती.