पळपुट्या तोहेई

फुसाएच्या हातचा टोफू गावात एक नंबर. पण दुपारी परात रिकामी दिसली की कुणीतरी हमखास विचारणार, "काय फुसाएबाई, टोफूसुद्धा पळाला वाटतं?" आणि गिऱ्हाईकं फिदीफिदी हसणार.

कारण तिचा मूळ पुरुष तोहेई. धन्याच्या खुनाचा सूड घ्यायला सगळे सामुराई पुलावर उभे राहिले, तलवारी उपसल्या गेल्या, आणि हा पठ्ठ्या नदीपलीकडे पसार! बाकीचे कापले गेले, त्यांच्या नावाचे दगड देवळात आहेत. लोक दर वर्षी त्यांना उदबत्ती लावतात आणि तोहेईला नावं ठेवतात. इतक्या पिढ्या गेल्या, मेल्यांची जीभ काही थकत नाही.

त्यात यंदा निवृत्त ओगिनो मास्तरांनी त्या लढाईचा खेळ केला. टेबलावर पुठ्ठ्याचा पूल, बोटभर उंचीची शिशाची माणसं, फासे. प्रत्येकाचं एक कार्ड. तोहेईच्या कार्डावर लिहिलं होतं, 'शत्रू जवळ येताच पळतो.' जत्रेत तो खेळ मांडायचा होता. फुसाएच्या कानावर हे गेलं, तशी ती ओल्या हातांनीच मास्तरांकडे थडकली.

"मास्तर, आता पोराटोरांनाही हेच शिकवणार?"

"अहो, इतिहासच तसा आहे. मी काय करू?"

"बाकीच्यांनी काय करायचं ते खेळणारा ठरवतो ना? मग ह्याचंच तेवढं तुम्ही आधी ठरवून मोकळे? खोडा ती ओळ!"

मास्तर माणूस सरळ. त्यांनी ओळ खोडली आणि म्हणाले, "बसा. तोहेईची बाजू तुम्ही खेळा. शेवटपर्यंत पुलावर टिकला, तर ही ओळ कायमची गेली."

फुसाए इरेला पेटून खेळली. तिची माणसं एकेक करून आडवी झाली, तरी तिने तोहेईला मागे घेतलं नाही. शेवटी तो एकटाच उरला. समोर तीन तलवारी, पाठीमागे मोकळा पूल.

"शेवटचा डाव," मास्तर म्हणाले. "मेला तरी चालेल, टिकला असंच धरू. टाका फासा."

जिंकलीच होती ती. पण फासा मुठीतच राहिला.

"मास्तर, ह्याला तेव्हा मूल झालं होतं?"

"हो. एक तान्हा मुलगा. तुम्ही त्याच्याच वंशातल्या."

फुसाए कितीतरी वेळ त्या बोटभर माणसाकडे बघत राहिली. त्याला मारायला तिचा हात उठेना. जन्मभर ज्याची लाज वाटली, त्याची तिला आज माया आली. तिने फासा खाली ठेवला, तोहेईला उचललं आणि एकेक घर मागे नेत पुलापलीकडे पोचवलं.

"चल रे बाबा," ती पुटपुटली. डोळ्यांना धार लागली होती.

मास्तरांनी हळूच विचारलं, "मग... ती ओळ परत लिहू?"

"लिहा," फुसाए म्हणाली. "पण पळतो नका लिहू. पोराकडे जातो, असं लिहा."