आठव्या शूची रिबिटं

आक्काचा फोन आला तेव्हा मी वर्गात घर्षण शिकवत होते असं लिहिलं, तर वाचायला झकास वाटेल. पण खरं सांगते, मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. "तुजं आप्पा गेलं गं... च्या पिऊन बसलं हुतं, बसल्या जाग्यावरच," एवढंच आक्का बोलली. आक्का म्हणजे आप्पांची बायको, आणि आप्पा म्हणजे खासबागेतले मेकॅनिक, ज्यांच्यावर मी माझी निळी गाडी सोपवून गेली वीस वर्षं निर्धास्त होते. घास हातातच राहिला, आणि मनात पहिला विचार आला तो गाडीचा. लाज वाटली, पण आला खरा. आप्पांना त्याचा राग आला नसता. "मग? कामाचा इचार न्हाय करायचा तर कशाचा करायचा?" असंच म्हणाले असते.

गाडी माझ्या वडिलांची. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. प्रत्येक ड्रमच्या आत दोन वाकडे लोखंडी शू, त्यांच्या पाठीवर लायनर. पाय दाबला की लायनर ड्रमला आतून घासतो आणि गाडी थांबते. लायनर झिजले की नवे बसवायचे. आता सगळे ते चिकटवून देतात. आप्पा मात्र पितळी रिबिटं, म्हणजे रिव्हेट, मारत. मी एकदा म्हटलं, आप्पा, चिकटवलेले जास्त टिकतात म्हणे. तर शू माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मग ही भोकं काय वारा खायला पाडल्यात व्हय?"

वडील गेले तेव्हा मी गाडी विकायला निघाले होते. आप्पांनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "इकू नगंस. मी हाय तवर मी बघतो, आन् मी नसलो तर तू बघायचीस. बस खाली." असा माझा वर्ग सुरू झाला. मी विज्ञानाची शिक्षिका, वाटलं यात काय मोठं! पहिला शू घेतला आणि शहाणपणानं आधी दोन्ही टोकांची रिबिटं ठोकली, लायनर हलायला नको म्हणून. मग मधली. दिसायला छान दिसत होता. आप्पांनी खिशातून बसचं तिकीट काढलं आणि मधोमध, लायनर आणि शूच्या फटीत घातलं. ते सुळकन पलीकडून बाहेर आलं. "मास्तरीणबाई, अंथरुणावर चादर घालताना सुरकुती मधनं कडंला काढतीस का कडंनं मधी आणतीस?" सगळी रिबिटं ड्रिलनं काढायला लावली आणि पुन्हा मारायला लावली. आधी मधली दोन, मग एक इकडं, एक तिकडं, टोकं सगळ्यात शेवटी. रिबिटाचं डोकं लायनरच्या आत खोल बसलं पाहिजे, वर राहिलं तर ड्रम खरवडतो. शेवटी बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा. पोकळ वाजलं की पुन्हा काढ. त्या दिवशी मला मनापासून रडू आलं होतं, आणि त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आणखी एक रीत होती त्यांची. ज्यानं रिबिटं मारली त्यानंच पहिल्यांदा गाडी तवंदीचा घाट उतरवायची, आणि शेजारी घरचं माणूस बसवायचं. गिऱ्हाइकाला त्यानंतर. त्यांच्या शेजारी कायम आक्का. घाट लागला की ती डोळे मिटायची आणि उतरेपर्यंत घोरायची. गाडी जरा जरी एका बाजूला ओढली, की जागी व्हायची. "ही निजली म्हंजे ब्रेक बराबर," आप्पा सांगायचे. मी हसायचे. एकदा मात्र ती खरोखर जागी झाली आणि आप्पांनी पायथ्याच्या निपाणीत पोचताच चाक उघडलं, तर एका लायनरला तेलाचा हात लागला होता.

ते गेले तेव्हा माझ्या आठ शूंपैकी सात तयार होते. आठवा पकडीत तसाच, मधली दोन रिबिटं मारलेला. बाकीची भोकं रिकामी. लोकांनी सांगितलं, उरलेला चिकटवून घ्या, न्हायतर गाडी द्या टाकून. मी कुणाचं ऐकलं नाही. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मधली दोन त्यांनी मारली होती, आणि पुढची कशी मारायची ते मला पक्कं ठाऊक होतं. एक इकडं, एक तिकडं. टोकं शेवटी. मग तिकीट घालून पाहिलं, चारही बाजूंनी. शिरलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आक्काला माहेरी, निपाणीला जायचं होतं. आप्पा गेल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता; गोळ्या झाल्या, काढे झाले, रात्रभर नुसती बसून असायची. मी म्हटलं, आक्का, तू बसनं जा, आधी मी एकटी घाट उतरून बघते. तिनं दार उघडून पिशवी आत टाकली. "रिबिटं कुणी मारली?" "मी." "तुजं घरचं माणूस कोन हाय दुसरं? चल."

तवंदीच्या माथ्यावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पहिल्या वळणाला हलकेच पाय ठेवला. गाडी सरळ. दुसऱ्याला जरा जोरात, तरी सरळ. पुढं उसानं भरलेली ट्रॉली अचानक आडवी आली आणि मी सगळा जीव पायात आणून पेडल दाबलं. गाडी रेषेत, जागच्या जागी उभी राहिली. "आक्का, थांबली बघ गं!" मी ओरडलेच. वळून पाहिलं, तर तिचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड जरा उघडं, आणि चांगली घोरत होती...

मी हॉर्न वाजवला नाही. ट्रॉलीमागून तिच्याच चालीनं घाट उतरले. निपाणीत तिच्या भावाच्या दारात पोचल्यावरही इंजिन बंद केलं नाही, ती उठेपर्यंत तशीच बसून राहिले.