गुनवोर क्विस्टची दातवाली कोंबडी

गुनवोर क्विस्टला चित्र काढता येत नाही, हे डेन्मार्कमधल्या अख्ख्या लेमवी गावाला ठाऊक होतं. शाळेत तिनं काढलेला घोडा बाईंनी सोफा समजून उलटा टांगला होता, आणि तिचा नवरा प्रेबेन ती गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. पन्नाशी उलटली तरी तिच्या हातात पेन यायचं ते फक्त थोर्किलच्या दाताच्या दवाखान्यात, पेशंटच्या तारखा लिहायला.

दवाखान्यात ती दारासमोरच्या टेबलाशी बसायची. फोन घ्यायचे, कार्डावर पुढची तारीख लिहून द्यायची, घाबरलेल्याला पाणी द्यायचं आणि आतल्या यंत्राचा आवाज चढला की आपला रेडिओही चढवायचा. सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे विमा कार्यालयाला फोन करणं. पलीकडची मंडळी थांबायला सांगायची आणि मग कानात बासरी वाजत राहायची. अशा वेळी गुनवोरचा हात आपला आपण चालू लागे.

एके दिवशी तो एका कार्डाच्या पाठीवर चालला. आधी एक गोल झाला. गोलाला चोच फुटली. एक पाय लांब झाला, दुसरा आखूडच राहिला. बासरी काही थांबेना, म्हणून तिनं चोचीत दात भरायला घेतले. वरची ओळ, खालची ओळ, अगदी दाढांसकट. कोंबडी या कानापासून त्या कानापर्यंत हसायला लागली. कोंबडीला बाहेर दिसणारे कान नसतात, पण हसू कुठंतरी संपायला हवं म्हणून गुनवोरनं तेही रेखाटले.

तेवढ्यात फोनवर माणूस आला आणि समोर मोगेन्स उभा राहिला. हा मोगेन्स बंदरावर मासे धुरी देऊन विकायचा. दरवाजाएवढा माणूस, बर्फाची पेटी खांद्यावर टाकून शीळ घालत जायचा, पण दाताच्या खुर्चीचं नाव काढलं की त्याला घरची सगळी कामं आठवायची. दाढ ठणकत होती तरी तो आजही तारीख पुढे ढकलायलाच आला होता. गुनवोरनं फोन मानेत धरून, न बघता त्याच कार्डावर नवी तारीख लिहिली आणि त्याच्या हातात ठेवली.

ठरल्या दिवशी मोगेन्स चक्क वेळेआधी हजर.

"काय रे, वाट चुकलास का?" गुनवोरनं विचारलं.

त्यानं खिशातून कार्ड काढलं. त्याला माशाचा वास मारत होता. "हिच्यामुळे आलो. हिला एवढे दात, आणि ही हसतेय. मला एक दाढ दुखते तर मी रडतोय. लाज वाटली गं."

आत खुर्चीत बसल्यावर त्याला कोंबडी पुन्हा आठवली आणि तो असा हसत सुटला की थोर्किलला हातातलं यंत्र बंद करून बाजूला उभं राहावं लागलं.

मोगेन्सच्या तोंडी पडलेली गोष्ट बंदरावर राहत नाही, गावभर होते. पुढच्या आठवड्यापासून लोक कार्ड उलटं करून बघायला लागले. "माझं कोरंच आहे की! माझ्या दातांनी काय घोडं मारलंय?" मग गुनवोर काढून द्यायची. सायकलवर कोंबडी, चर्चमध्ये जांभई देणारी कोंबडी, ज्येष्ठमधाची गोळी दाढेला चिकटलेली कोंबडी. गावानं तिचं नावही ठेवलं, फ्रू टान. आपल्याकडे तिला दातेबाई म्हटलं असतं, तेव्हा आपणही तेच म्हणू.

सगळ्यांच्या फ्रिजवर दातेबाई लटकल्या तरी थोर्किलला पत्ता नव्हता. तो भला माणूस होता, पण समोरच्याचं तोंड उघडं असलं तरच त्याचं लक्ष जायचं. शेवटी त्याच्या बायकोनंच एक कार्ड त्याच्यासमोर धरलं. त्यात दातेबाई पांढरा कोट घालून, गोल चष्मा लावून एका गांडुळाच्या तोंडात डोकावत होत्या.

दुसऱ्या दिवशी थोर्किल टेबलाशी येऊन उभा राहिला. "गुनवोर, हा मी आहे का?"

"छे, ती कोंबडी आहे."

"चष्मा माझा आहे."

"तिला लांबचं दिसत नाही रे."

"मी थट्टा करत नाहीये. लोक माझ्याकडे विश्वासानं येतात. उद्यापासून कार्डावर फक्त तारीख."

गुनवोर मुकाट्यानं तारखा लिहू लागली. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचंच तिला जास्त नवल वाटलं. एवढ्याशा रेघोट्या त्या, पण त्यांच्याशिवाय दिवस लांबलचक वाटायला लागला. लोकांनाही तो वाटला असावा, कारण फोन यायला लागले. "कोंबडी बंद झाली म्हणे? मग मी पुढच्या महिन्यात बघतो. तसं फार दुखत नाहीये." रिकाम्या खुर्चीकडे बघत थोर्किलनं बरेच दिवस काढले आणि मग एका दुपारी कॉफीचा कप घेऊन तो बाहेर आला.

"काढ बाई," तो म्हणाला. "पण चष्मा नाही."

त्यानंतर मोगेन्सनं तिला खरं कामाला लावलं. त्याला धुरी दिलेल्या बांगड्याच्या पाकिटावर दातेबाई हव्या होत्या.

"अरे, विकतोस मासा आणि चित्र कोंबडीचं?" गुनवोर म्हणाली.

"मासा पाकिटात दिसतोच की. त्याचं चित्र कशाला?"

उन्हाळ्यात सुट्टीला आलेले जर्मन पाहुणे आधी धुरी दिलेली कोंबडी मागायचे, मग हसायचे, मग दोन-दोन पाकिटं घेऊन जायचे. ते बघून सायकल दुरुस्त करणाऱ्याला पाटी हवी झाली, बेकरीला कागदी पिशव्या, आणि चर्चच्या पाद्रीणबाईंना उन्हाळी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी तोंड वासून गाणारी कोंबडी. घरातलं जेवणाचं टेबल शाईच्या बाटल्यांनी भरलं. प्रेबेन राय ब्रेडवर हेरिंग मासा घेऊन खिडकीशी उभ्यानं जेवू लागला.

"लग्न केलं तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, की एक दिवस कोंबडी खुर्चीवर बसेल आणि मी उभा राहीन," तो कुरकुरायचा. पण टपालात टाकायच्या गुंडाळ्या तोच करायचा, आणि गाठ अशी मारायचा की लोकांना सुरी घ्यावी लागे.

मग कोपनहेगनहून सेसिलिए आली. मुलांची ताटं-वाट्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ती बाई. तिनं मोगेन्सच्या दुकानात पाकीट बघितलं होतं. गुनवोरच्या स्वयंपाकघरात बसून तिनं चित्रांचं भरभरून कौतुक केलं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं आपल्याला 'कलाकार' म्हटल्याचं ऐकून गुनवोरच्या हातून कॉफी बशीत सांडली.

"फक्त बारीकसे बदल हवेत," सेसिलिए म्हणाली. "पाय सारखे करूया. रेषा जरा स्वच्छ. आणि हे दात... लहान मुलं घाबरतील हो. दात काढून टाकूया."

गुनवोर हो म्हणाली. सगळा हिवाळा ती संध्याकाळच्या वर्गाला गेली, कॉम्प्युटरवर रेषा ओढायला शिकली. पाय जुळले. पिसं ओळीत बसली. कोंबडी गुबगुबीत, गुलाबी गालांची, चोच मिटलेली अशी गोजिरी झाली. गुनवोरला आपलीच कोंबडी ओळखू येईना, पण तिनं मनाची समजूत घातली, की प्रगती म्हणतात ती अशीच दिसत असावी.

तिनं ती आधी मोगेन्सला दाखवली. त्यानं कागद जवळ धरला, लांब धरला. "कोण ही?"

"दातेबाई!"

"नाही गं. ही त्यांची शहरातली चुलत बहीण असेल. गोड आहे. पण हिच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही."

दवाखान्यात थोर्किलनं कागद दिव्याखाली धरला आणि त्याचा चेहरा पडला. "सगळे काढलेस?" तो हळूच म्हणाला. "एकही वाचवण्यासारखा नव्हता?"

गुनवोर हसली, पण घरी येताना सायकल हातात धरून चालत आली. खरी पंचाईत पुढेच होती. तिनं टेबलाशी बसून जुनी कोंबडी काढायला घेतली, तर ती येईना. हात शहाणा झाला होता. पाय वाकडा काढायला जावं तर तो मुद्दाम वाकडा केलेला दिसे. दात काढावेत तर ते वर्गात शिकवल्यासारखे सरळ उगवत. कागदांचा ढीग पडला. तिला रडू आलं. आपल्याला जे येत होतं ते येतंय हे कळायच्या आधीच गेलं, असं तिला वाटलं.

प्रेबेन खिडकीशी ब्रेड खात होता. त्यानं ब्रेड खाली ठेवला आणि फोन उचलून तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"लाव."

"कुणाला?"

"कर कार्यालयाला लाव. त्यांच्याइतकं कोणी थांबवून ठेवत नाही."

"आणि काय विचारू?"

"उचललाच तर ठेवून दे."

गुनवोरनं नाक पुसलं आणि खरोखर फोन लावला. 'कृपया थांबा,' बाईचा आवाज आला आणि पियानो सुरू झाला. गुनवोर खिडकीबाहेर बघत राहिली. परड्यात प्रेबेनच्या कोंबड्या बर्फातून पाय उचलून चालत होत्या, आणि त्यातली एक बर्फाकडे असं बघत होती, की जणू कोणी तिला विचारल्याशिवाय तो पाडलाय. केव्हा तरी पियानो थांबून माणूस बोलू लागला. गुनवोरनं त्याला "काही नाही, आभारी आहे" म्हटलं आणि खाली बघितलं. कागदावर दातेबाई बर्फावर खेकसत होत्या. एक पाय लांब, एक आखूड, आणि दात सगळे जिथल्या तिथे.

सेसिलिएला तिनं स्वतः फोन करून सांगितलं की दात राहणार. सेसिलिए गोड बोलली, वाईट वाटल्याचं म्हणाली, आणि ताटं-वाट्या दुसऱ्या कुणी तरी काढलेल्या सशाकडे गेल्या. गुनवोर दोन दिवस घुम्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी ती बंदरावर गेली आणि गळाची आमिषं विकायचं जे दुकान बंद पडलं होतं, त्याची चावी स्वतःचं दुकान थाटायला मागून आली. वास जायला पूर्ण वसंत लागला. प्रेबेननं फळ्या ठोकल्या, मोगेन्सनं टेबल उचलून आणलं, आणि थोर्किलनं आठवड्याचे दोनच दिवस दवाखान्यात यायची तिला मोकळीक दिली. तो अधूनमधून दुकानात येऊन नव्या चित्रांतले दात मोजून जायचा, आणि एखादी दाढ चुकीच्या जागी असली तर सांगायचा.

दातेबाईंच्या मागोमाग इतर मंडळीही आली. कंबर धरून बसलेला सील प्राणी, बसची वाट बघणारा कॉड मासा, सगळ्यांच्या जेवणावर मत देणारी समुद्रपक्षीण. लोक आपापल्या गोष्टी घेऊन येत. कुणाची सासू, कुणाचा साहेब, कुणाची चुकलेली बोट. गुनवोर ऐकायची आणि त्यातून एखादा प्राणी निघायचा. वाचनालयाच्या भिंतीवर तिचे प्राणी गेले, बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या तिकिटावर गेले, ओस्लोच्या एका मासिकातसुद्धा गेले.

गेल्या उन्हाळ्यात तिनं एक वॉलरस, म्हणजे सुळेवाला मिशाळ समुद्रप्राणी, काढला. छाती पुढे, मिशा खाली, डोळे मिटून वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांनी हवेत ताल धरणारा. तो गावच्या गायनमंडळाचा संचालक एस्किल आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. गायनमंडळाच्या बायका येऊन खिडकीशी हसून हसून वाकल्या. तेवढ्यात एस्किलच दारात उभा. गुनवोरनं घाईघाईत एक टॉवेल उचलून वॉलरसवर टाकला.

"झाकतेस काय? मी बाहेरून बघितलाय," एस्किल म्हणाला. त्यानं टॉवेल बाजूला केला, छाती पुढे काढली, डोळे बारीक केले आणि मिशीतल्या मिशीत खुसखुसू लागला.

"याच्या तीन प्रती दे," तो म्हणाला. "हुबेहूब माझा मेहुणा आहे गं. पण त्याला सांगू नकोस, बिचारा फार मनाला लावून घेतो."