ज्योतीरामभाऊंचा हात

ज्योतीरामभाऊ येळवंडे यांच्याबद्दल चांगलं लिहायचा मला हक्क नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी लिहितोय, कारण आमच्या वेल्डिंगच्या शॉपमध्ये त्यांच्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते माझ्यामुळे बोललं गेलं.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनतात. त्यांना वेल्ड मारणारे दोन रोबो आहेत आणि दोन्ही भाऊंच्या ताब्यात. भाऊ खेड तालुक्यातले, वय सेहेचाळीस, दहावी नापास. रोबो बसवायला जी पोरं आली होती त्यांच्यामागं महिनाभर उभं राहून ते सगळं शिकले. पोरांनी हाकललं तर चहा घेऊन परत यायचे. शेवटी पोरांनीच कंटाळून त्यांच्या हातात पेंडंट दिला. पेंडंट म्हणजे रोबोला शिकवायचा हातातला स्क्रीन.

शिकवायचं काय, तर वेल्डची जागा. तिला पॉइंट म्हणतात. दोन रोबोंचे मिळून एकशे शहाऐंशी पॉइंट. पत्र्याचा नवा लॉट आला की पत्रा केसभर इकडंतिकडं असतो. मग भाऊ वाकून वेल्डवरनं अंगठ्याचं नख फिरवायचे, ‘‘अर्धा कमी हाय’’ म्हणायचे आणि पॉइंट तेवढा सरकवायचे. आम्ही इंजिनिअर लोक खात्री करायला मोजायचो. अर्धा मिलिमीटरच निघायचा. असं सहा वर्षं चाललं होतं, आणि सहा वर्षांची ती सगळी दुरुस्ती फक्त रोबोच्या पोटात होती. दुसरीकडं कुठंही तिची प्रत नव्हती.

एवढं करून माणूस नऊ वर्षं कंत्राटावरच. यंदा मात्र कायम करायच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. यादी महिनाअखेरीला लागणार होती. भाऊ तोंडानं काही बोलत नव्हते, पण त्या महिन्यात रोज दाढी करून यायला लागले होते.

आता माझी ओळख. मी रविराज, मेंटेनन्सला. कासारवाडीहून बाईकवर येतो, डिप्लोमा झालाय, आणि आपल्याइतकं कॉम्प्युटरमधलं कुणाला कळत नाही असा माझा समज होता. एका सकाळी मीटिंगमध्ये आमचे प्लँट हेड दिग्विजय सर म्हणाले, ‘‘उद्या रोबोचा कंट्रोलर जळला तर प्रोग्रॅम कुठून आणणार?’’ मी म्हणालो, ‘‘सर, दोन दिवसांत नेटवर्कवर घेतो. रोज आपोआप फाइली कॉम्प्युटरवर येतील, कुणी हात लावायची गरज नाही.’’ सर खूश झाले. मी तर त्यांच्याहून खूश.

काम तसं अवघड नव्हतं. कंट्रोलरपासून ऑफिसपर्यंत केबल ओढली, प्रत्येक रोबोला नेटवर्कवरचा पत्ता दिला, नाव आणि पासवर्ड टाकला. राहिली ती कॉम्प्युटरनं रोज चालवायची चार ओळींची आज्ञा. ती नव्यानं लिहायचा मला कंटाळा. जुन्या कंपनीत एका मशीनसाठी लिहिलेली माझ्याकडं होती, तीच उचलली. पत्ता बदलला, फोल्डरचं नाव बदललं. पण त्या जुन्या मशीनला फाइली पाठवायच्या असत, आणि इथं मला आणायच्या होत्या. पाठव की आण, हे ठरवणारा त्यात एकच शब्द असतो. तो बदलायचा राहिला. आणि फोल्डरमध्ये होते रोबो बसवताना ठेवलेले सहा वर्षांपूर्वीचे मूळ प्रोग्रॅम.

जेवणाच्या सुट्टीत रोबो उभे होते, माणसं कँटीनला होती. मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, सगळ्या फाइली व्यवस्थित पोचल्या. त्या कुठं पोचल्या हे मी पाहिलं नाही. कँटीनला जाऊन दोन जिलब्या जास्त घेतल्या.

दोन वाजता सांगाडे तपासायच्या गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, नापास व्हायला लागले. वेल्ड दोन-दोन, तीन-तीन मिलिमीटर बाजूला पडत होते. अडीच वाजता मी ऑफिसात येऊन फोल्डर उघडलं. आत नवीन काहीच आलेलं नव्हतं, सगळ्या फाइली सहा वर्षांपूर्वीच्या तारखेच्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. भाऊंची सहा वर्षं मी एका बटणात पुसली होती.

हे मला अडीचला कळलं होतं, आणि नापास सांगाड्यांवरची मीटिंग चारला होती. हा दीड तास मी मुद्दाम लिहितोय. घाबरून तोंडातून शब्द फुटला नाही, असं म्हणायची सोय मला नाही. दीड तासात माणूस काहीही बोलू शकतो. मी काय केलं, तर चुकीचा शब्द बदलून आज्ञा नीट करून ठेवली.

मीटिंगमध्ये दिग्विजय सरांनी विचारलं, ‘‘पेंडंट कुणाच्या हातात असतो?’’

‘‘माझ्याच,’’ भाऊ म्हणाले.

‘‘आज कुठले पॉइंट हलवलेत?’’

‘‘सकाळी दोन हलवले, सर. बाकीच्यांना हात लावल्याचं ध्यानात न्हाई.’’

‘‘ध्यानात नाही म्हणजे? आपोआप हलले?’’

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. आरोप करायला नव्हे, मला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून. मी लॅपटॉपमध्ये मान घालून मूग गिळून बसलो. तेव्हा भाऊच म्हणाले, ‘‘आपोआप कसं हलतील. माझ्याच हातनं काय तरी झालं असंल.’’ त्यांना मेमो मिळाला. त्यावर तसंच लिहून त्यांनी सही केली. महिनाअखेरीला यादी लागली, तीत त्यांचं नाव नव्हतं.

त्याआधी सलग दोन दिवस ते रोबोसमोर वाकून बसले आणि एकशे शहाऐंशी पॉइंट परत शिकवले. मी शेजारी स्टूल टाकून बसलो, बॅटरी धरली, चहा आणून दिला. एकदा कंबर सरळ करत ते म्हणाले, ‘‘साहेब, तुमी लई माया करता. दुसरं कुनी थांबलं न्हाई.’’ मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी बोललो नाही. दरवेळी वाटायचं, उद्या सांगू. उद्या सांगायचं तर आज का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं.

शॉपमध्ये पोरं टिंगल करायला लागली. पॉइंट चुकला की म्हणायची, ‘‘येळवंडे लागला वाटतं.’’ भाऊही बरोबरीनं हसायचे.

तीन आठवड्यांनी भाऊ माझ्या टेबलाशी आले. हातात वही.

‘‘साहेब, त्या फाइली कॉम्प्युटरवर आनायचं मला शिकवता का? म्हंजी परत माझ्या हातनं असं झालं, तर आदल्या दिवशीचं तरी परत घालता येईल.’’

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मी शिकवायला बसलो. ते एकेक पायरी वहीत उतरवून घेत होते. पत्ता, नाव, पासवर्ड. मग ती ओळ आली. मी बोट ठेवून सांगितलं, हा शब्द असला की रोबोकडून इकडं येतं.

‘‘आन परत घालायचं आसंल तर?’’

‘‘मग इथं दुसरा शब्द. तो असला की इकडून रोबोत जातं.’’

भाऊंनी लिहिलं. लिहिता लिहिता पेन थांबलं. ‘‘साहेब, आनायचं आसताना चुकून हा दुसरा पडला तर वं?’’

ते हेच विचारतील म्हणून मी तीन आठवडे भीत होतो. आणि त्यांनी विचारलं ते साध्या विद्यार्थ्यासारखं, त्यात काडीचाही संशय नव्हता.

‘‘तर रोबोतलं सगळं पुसतं,’’ मी म्हणालो. ‘‘जुनं जाऊन बसतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेच झालं, भाऊ. मी केलं. मला त्याच दुपारी कळलं होतं.’’

ते ओरडतील, वही फेकतील, असं मला वाटलं होतं. वाटलं कसलं, तशी इच्छाच होती. त्यांनी पेनला टोपण लावलं, वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘मी डाक्टरकडं जाऊन आलो, साहेब. डोळं तपासलं. हात तपासला. पोरीला म्हनलं, तेजल, मला इसरायला व्हतंय. मी काय करतोय ते माझं मलाच उमगत न्हाई. पोरगी लई रडली.’’

त्याच दुपारी मी दिग्विजय सरांना सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं. सरांनी भाऊंचा मेमो मागं घेतला. यादी मात्र वरून मंजूर होऊन आली होती, आता पुढच्या वर्षी बघू, असं सर म्हणाले. मला काय झालं? काही नाही. ‘‘पुढच्या वेळी काळजी घ्या,’’ एवढंच. डिप्लोमावाल्याची ती चूक, आणि तीच दहावी नापासाची असली की मेमो. मी त्यावरही भांडलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. मला लाज वाटते, पण ती वाटून भाऊंचं वर्ष परत येत नाही.

आता रोजचा बॅकअप भाऊच घेतात. आज्ञा नीट केलेली आहे, चुकायला त्यात काही उरलेलं नाही. काल दुपारी मी तिकडून चाललो होतो. भाऊ कॉम्प्युटरसमोर उभे होते, बोट बटणावर, पण दाबत नव्हते.

‘‘साहेब, जरा बघता का? बरोबर हाय ना?’’

मी पाहिलं. बरोबर होतं. तसं सांगितलं.

‘‘नक्की ना?’’ ते म्हणाले, आणि मी दोनदा हो म्हटल्यावरही त्यांनी पलीकडच्या ऑपरेटरला हाक मारून तोच शब्द परत वाचून घेतला.