जायफळाची झोप

जायफळ किती घासायचं हे कळत नसेल, तर सहाणेला हात लावू नये! आता रामराम, बायांनो.

आज लेकीच्या सासूबाई बोदवडहून नातू पाहायला आल्या. दोन महिन्यांचं लेकरू किरकिरलं, तर जायफळाचे भरपूर वेढे घासून पाजलं. वर म्हणतात, "अक्का, आम्ही बठ्ठी पोरं, एकूण एक, अशीच वाढवली."

दुधाची वेळ टळली. लेकीनं छातीशी धरलं, तर तोंडच उघडेना. तळव्यांना टिचक्या मारल्या, तरी मान लुळीच. दवाखान्यात पळालो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही झोप नाही, गुंगी आहे."

संध्याकाळी ते रडलं, दूध ओढू लागलं. तेव्हा कुठे माझी लेक रडली.

झोप लेकराला हवी होती, की शांतता आपल्याला? सुनांनो, तुम्ही थांबा. आधी सासवांनी उत्तर द्यायचं.