झाकणासकट

गार्डकाका भांडं विकत घेण्याआधी ते जमिनीवर ठेवत आणि एका बोटाने ढकलून बघत. जरा डुगडुगलं की परत. डहाणू स्टेशनजवळचा भांडीवाला त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "आले काका. आता माझी लादीच वाकडी निघणार." पातेलं पसंत पडलं की काका झाकण मागत. ते वेगळं घ्यावं लागेल म्हटलं की पातेलं तिथेच ठेवून चालू लागत. "झाकणाशिवाय भांडं घेत नाही मी." एवढंच बोलायचे, तेही पाठमोरे.

काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, आमचे शेजारी. मागची सीट काढलेली एक जुनी व्हॅन होती त्यांच्याकडे. शनिवार आला की ती बोर्डीच्या सुरूच्या बनात नेऊन उभी करायची, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. काकी गेल्यावर त्यांच्या आठवड्यात बघण्यासारखा तेवढा एकच दिवस उरला होता. मी किनारा वाचवण्याची पत्रकं वाटत त्याच बाजूला फिरायची. मला ते पुढारी म्हणत. "पुढारी, तुझं पत्रक वाचलं. निषेध तीनदा आहे, मुद्दा एकदाही नाही. शेंगदाणे मात्र छान राहतात यात."

त्यांचा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत मावायचा. जाड बुडाची, एकात एक बसणारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तीन पातेली, कान एकालाही नाही. "कान म्हणजे पेटीत फुकटची जागा. सगळ्यांना मिळून एक सांडशी पुरते." नॉनस्टिक तवा त्यांनी हातातही घेतला नाही, कारण बोर्डीची वाळू त्याचं कातडं सोलते. कुकर का नाही, असं मी एकदा विचारलं. "आयुष्यभर शिट्टी मारली. आता कुणाची ऐकायची नाही." शेगडी मात्र गॅसची, छोट्या टाकीवरची, आणि समुद्राच्या वाऱ्याला तीन बाजूंनी तेलाच्या डब्याचा पत्रा. चौथी बाजू टाकीसाठी मोकळी.

सुरूखाली लाकूड पेटवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. वरून वाळू दिसते, पण खाली वर्षानुवर्षं गळलेल्या सुया असतात. मुंबईची माणसं निखाऱ्यांवर वाळू लोटतात आणि विझलं म्हणून निघून जातात. "विझत नाही ते. झाकलं जातं फक्त. आतल्या आत चालत राहतं."

बनाला लागून एका शेठने तंबूंचं रिसॉर्ट काढलं होतं. त्याच्या पाहुण्यांनी एका शनिवारी सुरूखाली जाळी मांडून कोंबडी भाजली आणि सकाळी निखाऱ्यांवर वाळू लोटली. मी समोरून बघत होते. दुपारी शेठच्या माणसाने जाळी उचलून नेली, तेही बघितलं. संध्याकाळी सुरूची अख्खी रांग बुंध्यापासून पेटली. शेजारी उभी होती काकांची व्हॅन.

बनाची देखरेख करणाऱ्या गावच्या समितीची बैठक भरली. शेठ शांतपणे म्हणाला, "गाडीमधी चूल घेऊन फिरते ते दुसरं कोन हाय इथे?" काकांनी पेटी उघडली, तिन्ही पातेली टेबलावर उपडी घातली. एकाच्याही बुडाला काजळी नव्हती. "लाकडावर रांधलं असतं तर ही अशी राहिली असती?"

"घासली असतील," कुणीतरी म्हणालं.

"घासलीच आहेत. तुमच्यात घासत नाहीत?"

सगळे हसले, आणि हसण्यातच निकाल लागला. मी उठून जाळीचं सांगितलं. त्यावर एक सदस्य म्हणाले, "हिचं काय, ही सगळ्यांच्याच विरोधात असते." काकांच्या व्हॅनला बनात बंदी झाली. शेठचे तंबू राहिले. शेठने तर जळालेल्या रांगेच्या जागी पार्किंग केलं.

त्यानंतर काका शनिवारी व्हॅन घराच्या अंगणातच उभी करत, मागचं दार उघडून पत्रा लावत आणि भात शिजवत. अंगणात वारा नसायचा, तरी पत्रा लावत. मी संतापून म्हटलं, "काका, तुम्ही माफ केलंत त्याला?"

"मी? छे. फक्त ओरडत नाही. ओरडणाऱ्याचं कुणी वाचत नाही, पुढारी."

थंडीत ते गेले. वापीहून आलेल्या त्यांच्या मुलाने व्हॅन विकली. पेटीकडे बघून म्हणाला, "हे भंगार तुम्हाला हवं तर न्या." मी नेली.

आता दर शनिवारी मी शेठच्या फाटकासमोर, सरकारी रस्त्याच्या कडेला बसते. पत्रा लावते, भात टाकते. मुंबईच्या, सुरतेच्या गाड्या थांबतात, कारण भांडी बघून माणसाला विचारावंसं वाटतंच. मग मी पत्रक देते. त्यात एकही निषेध नाही. 'गाडीतून फिरताना रांधायची भांडी कशी निवडावीत': बोटाने ढकलून बघा, कान नसलेली घ्या, तवा कुठला नको, पत्रा कसा लावावा. सगळं काकांचं. लोक ते घडी करून गाडीत जपून ठेवतात. शेवटचा नियम सुरूच्या सुयांचा आहे, आणि त्याखाली शेवटचं वाक्य: तुम्ही आज जिथे गाडी लावणार आहात, तिथली रांग अशीच जळाली, जाळी शेठच्या पाहुण्यांची होती, शिक्षा गार्डकाकांना झाली.

पाहुणे आत जाऊन शेठला विचारतात. काही जण फाटकातूनच गाडी वळवतात. मला ते बघताना फार बरं वाटतं. ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

गेल्या शनिवारी शेठ स्वतः रस्ता ओलांडून आला. हातात माझंच पत्रक. पातेल्याकडे बघत म्हणाला, "बेन, लिवलंय एकदम कामाचं. ते शेवटचं वाक्य तेवढं काढून टाक. बाकी मी कलरमधी छापून देते, प्रत्येक तंबूमधी ठेवते. तुझ्या काकाचं नाव पन टाकू वर."

भात होत आला होता. मी सांडशीने पातेलं उतरवलं, एका बोटाने ढकलून बघितलं. हललं नाही.

"झाकणाशिवाय भांडं देत नाही मी," मी म्हटलं, आणि मागे थांबलेल्या गाडीकडे पत्रक घेऊन गेले.